वाचकांचे प्रश्न : चाळीस मिनिटांनी बंद पडणारा प्रोजेक्टर

प्रश्न : जुन्या वाड्याच्या माजघरात आम्ही काही मित्र दर शनिवारी रात्री जुने चित्रपट पाहतो. त्यासाठी एका बंद झालेल्या सभागृहातून १९९०च्या दशकातला, लाल-हिरव्या-निळ्या अशा तीन नळ्यांचा सीआरटी (जुन्या टीव्हीसारख्या चित्रनळीचा) प्रोजेक्टर भंगारापेक्षा थोड्या अधिक भावात घेतला. तो माळ्याच्या तुळईला टांगला आहे आणि पंख्यांची घरघर ऐकू येऊ नये म्हणून गेल्या दिवाळीत त्याच्याभोवती प्लायवूडचे खोके करून घेतले. चित्र संगणकावरून १०२४ × ७६८ या मापात देतो. दोन वर्षे काही तक्रार नव्हती. मार्चपासून मात्र चाळीस-पंचेचाळीस मिनिटे झाली की पडद्याच्या उजव्या कडेला लाल आणि निळा रंग हिरव्यापासून सुटू लागतात, करपल्यासारखा वास येतो आणि थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. आत पाहिले तर दोन बोर्ड जागोजागी तपकिरी पडले आहेत. एका दुरुस्ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून झाकण काढून समोर टेबल फॅन लावला, तर यंत्र आणखी लवकर बंद पडू लागले. आता बोर्ड बदलावे लागतील का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : बोर्ड बदलण्याची वेळ बहुधा आलेली नाही. बदलायचे ठरवले तरी मिळेल तो बोर्ड अशाच दुसऱ्या एखाद्या यंत्रातून काढलेला, तितकाच जुना आणि तितकाच तापून निघालेला असेल, त्यामुळे आहे तोच नीट करण्यात शहाणपण आहे. आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती तपकिरी डागांची नसून चाळीस मिनिटांची आहे. एखादा ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर गळका झाला आणि त्यातून प्रमाणाबाहेर करंट वाहू लागला, तर तो भाग पहिल्या पाच मिनिटांतच हात लावू देत नाही; तो चाळीस मिनिटे वाट पाहत बसत नाही. उशिरा येणारा बिघाड सांगतो की उष्णता पूर्वीइतकीच तयार होत आहे, पण तिला बाहेर जायला वाट उरलेली नाही, किंवा तापल्यावर सुटणारा एखादा जोड आत दडलेला आहे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्यात असे मला वाटते. अर्ध्या तासाने यंत्र आपोआप सुरू होते, याचा अर्थ आतला थर्मल कट-आउट, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच, आपले काम चोख करत आहे. त्याच्या दोन टोकांना वायर जोडून तो ‘बायपास’ करण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच; तो कृपया ऐकू नये.

पहिला संशय प्लायवूडच्या खोक्यावर. असा प्रोजेक्टर काहीशे वॅट वीज खातो आणि त्यातला अगदी थोडा भाग प्रकाश म्हणून पडद्यावर पोहोचतो. बाकीची सगळी उष्णताच. पंख्यांनी बाहेर टाकलेली गरम हवा खोक्यात कोंडते, आणि आत ओढणारे पंखे तीच हवा पुन्हा आत घेतात. त्यात यंत्र छताशी टांगलेले. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा खाली बसलेल्यांना जेवढे उकडते त्यापेक्षा तुळईपाशी कितीतरी अधिक गरम असते, आणि वर पत्रा असेल तर रात्री नऊलाही तो दिवसभराचे ऊन परत देत असतो. खोके दिवाळीत बसले, थंडी त्यात निभावली आणि मार्च लागताच तक्रार सुरू झाली, हा क्रम पुरेसा बोलका आहे. ते काढून टाकावे. आवाज सोसत नसेल तर यंत्राच्या चारही बाजूंना निदान वीतभर मोकळी जागा सोडून, मागची बाजू पूर्ण उघडी ठेवून वेगळी चौकट करता येईल.

झाकण काढून टेबल फॅन लावल्यावर यंत्र लवकर का बंद पडले, हेही समजून घेण्यासारखे आहे. अशा यंत्रात झाकण हे हवेच्या वाटेची एक भिंत असते. ते बंद असताना पंख्याने ओढलेल्या हवेला हीट सिंकच्या, म्हणजे भागांची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांमधूनच जावे लागते. झाकण निघाले की हवा जवळची मोकळी वाट धरते आणि पात्यांच्या आतली हवा जागची हलत नाही. समोरून टेबल फॅनचा झोत आला की तो आतल्या पंख्यांच्या दिशेला छेद देतो, शिवाय वाड्यातली धूळ सरळ बोर्डवर नेऊन बसवतो. झाकण लावलेले असताना एक अगरबत्ती पेटवून प्रत्येक जाळीच्या बाहेर धरून पाहावी. आत घेणाऱ्या जाळीवर धूर सरळ रेघेत ओढला गेला पाहिजे आणि बाहेर टाकणाऱ्या जाळीवर तो झटक्यात उधळला पाहिजे. धूर घुटमळत वर जात असेल तर तो पंखा थकला आहे, उलटा बसवला गेला आहे किंवा त्यामागची फिल्टरची जाळी बुजली आहे. जुन्या पंख्यांच्या बुशमधले तेल सुकते, मग ते फिरताना दिसतात पण वेग निम्मा झालेला असतो. बदलताना त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा आणि बॉल बेअरिंगचा घ्यावा, आणि कडेवरचा बाण कोणत्या दिशेला होता ते जुना काढण्याआधी लिहून ठेवावे.

एवढे करून एक शनिवार काढून पाहावा. तक्रार कमी झाली तरी ती पूर्ण जाणार नाही असा माझा अंदाज आहे, कारण कडेला रंग सुटणे हे एका ठरावीक बोर्डकडे बोट दाखवते. पण तिथे हात घालण्यापूर्वी सुरक्षिततेचे सांगणे भाग आहे, कारण अशा यंत्रात नळ्यांना तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही नळीत तो काही काळ टिकतो. मुख्य सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्टच्या विजेपासून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेला असतो. प्लग भिंतीतून काढावा, निदान तासभर थांबावे आणि मल्टिमीटरने तो कपॅसिटर रिकामा असल्याची खात्री करावी. नसेल तर दोन-तीन किलो-ओहम, दहा वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून रिकामा करावा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची जुनी मर्दुमकी करू नये. त्यात कपॅसिटर जातो आणि कधी डोळाही. नळ्यांच्या जाड लाल तारांना घरी हातच लावू नये. आपण बोर्डला बोट लावून पाहिले असेल तर तेही थांबवावे, कारण सप्लायमधले काही हीट सिंक थेट मेन्सशी जोडलेले असतात. जुन्या वाड्यांमध्ये प्लगच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही, ती आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. आणि यापुढचे काम सोल्डरिंगचा सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. मी जे लिहितो आहे ते आपण त्याच्या शेजारी बसून काय पाहावे, यासाठी.

तीन नळ्या तीन वेगळ्या जागांहून चित्र टाकतात. ती तिन्ही चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसावीत म्हणून प्रत्येक नळीच्या मानेवर एक जास्तीचे वेटोळे असते आणि त्यातून मोजूनमापून करंट खेळवावा लागतो. यालाच कन्व्हर्जन्स म्हणतात. हिरवी नळी सहसा मधली असल्याने तिचे चित्र सरळ पडते, लाल आणि निळ्याला कडांकडे अधिक ओढावे लागते. हे ओढण्याचे काम करणारे जाडजूड आयसी एका ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर कसलेले असतात, आणि आयसी व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरी थर्मल पेस्ट लावलेली असते. पंचवीस-तीस वर्षांत ती पेस्ट सुकून खडूसारखी होते. मागे माझ्या टेबलावर आलेल्या अशाच एका बोर्डवरचा आयसी मी स्क्रू सैल करून उचलला, तर पेस्ट पोपडे होऊन खाली सांडली आणि आयसीच्या पाठीवर फक्त मधल्या भागात, साधारण एका चणाडाळीएवढा, तिचा खरा स्पर्श उरलेला होता. एवढ्याशा वाटेने उष्णता जाणार कशी? जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून नवी लावावी, पण ती भाकरीवर लोणी थापावे तशी नव्हे. दोन पृष्ठभागांतल्या सूक्ष्म फटी भरतील इतकाच पातळ हात द्यावा, कारण पेस्ट हवेपेक्षा बरी असली तरी धातूपेक्षा पुष्कळच वाईट वाहक असते. मध्ये अभ्रकाचा पापुद्रा असेल तर तो फाटलेला नाही हे पाहावे आणि, मूळ रचनेत तो भाग हीट सिंकपासून वेगळा ठेवलेला असेल तर, वीज देण्याआधी दोहोंत शॉर्ट नसल्याची मीटरने खात्री करावी.

मग बोर्ड उलटा करून भिंग घ्यावे आणि टॉर्च तिरपा धरावा. समोरून पडलेल्या उजेडात सगळे जोड सारखेच चकचकीत दिसतात. तिरप्या उजेडात मात्र जड आणि तापणाऱ्या भागांच्या पायांभोवती, पायापासून केसभर अंतरावर, एक बारीक काळे वर्तुळ दिसते. हाच ‘ड्राय सोल्डर’. यंत्र रोज तापते आणि निवते, तेव्हा धातूचा पाय आणि बोर्ड कमी-अधिक प्रसरण पावतात आणि मधले सोल्डर हळूहळू चिरते. थंड असताना चीर मिटलेली असते, तापली की उघडते. उघडलेल्या जागी रोध वाढतो, रोध वाढला की तिथेच आणखी उष्णता होते. कन्व्हर्जन्सचे आयसी, लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मोठे कनेक्टर आणि हीट सिंकला धरून उभे असलेले ट्रान्झिस्टर, एवढ्या जागा प्रथम पाहाव्यात. वरून थोडे सोल्डर चोपडून भागत नाही. जुने पंपाने ओढून घ्यावे, पाय घासून स्वच्छ करावा, फ्लक्स लावावा आणि ६३/३७ मिश्रणाचे नवे सोल्डर द्यावे. ते १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे जोड अर्धवट हलून राहण्याचा धोका कमी असतो. कनेक्टरचे पांढरे प्लास्टिक एखाद्या पिनेपाशीच पिवळे पडलेले असेल, तर ती पिन सैल झाली आहे असे समजावे.

आता तपकिरी डाग. जाड रेझिस्टन्सच्या खाली बोर्ड थोडा काळवंडणे हे या वयाच्या यंत्रात नैसर्गिक आहे. तो वर्षानुवर्षांच्या ठरावीक उष्णतेचा डाग आहे, आजच्या बिघाडाचा पुरावा असेलच असे नाही. रेझिस्टन्स काढून मोजावा. ओहममधले मूल्य वाढलेले असेल तर बदलावा. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो, की दोन वॅटच्या जागी पाच वॅटचा बसवला की उष्णता कमी होते. होत नाही. दहा ओहमच्या रेझिस्टन्सवर पाच व्होल्ट पडत असतील तर अडीच वॅट उष्णता होणारच, मग तो दोन वॅटचा असो की दहा. मोठ्या अंगाचा रेझिस्टन्स ती उष्णता अधिक पृष्ठभागावर पसरतो एवढेच. म्हणून तो बोर्डला चिकटवून न बसवता सेंटिमीटरभर उंच उभा ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. मात्र बोर्ड नुसता तपकिरी नसून काळा, कोळशासारखा ठिसूळ झाला असेल, तर तो भाग खरवडून स्वच्छ साहित्य लागेपर्यंत काढून टाकलाच पाहिजे, कारण कोळसा वीज वाहतो आणि मग बोर्डच रेझिस्टन्स होऊन जळू लागतो. आपल्याला येणारा करपल्याचा वास नेमका कोठून येतो, हे यंत्र बंद केल्या केल्या जाळीपाशी नाक नेऊन ठरवता आले तर निम्मे काम झाले.

उष्णता बाहेर काढण्याबरोबर ती कमी तयार होईल अशी काळजीही घेता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. १०२४ × ७६८ हे चित्र ६० हर्ट्‌झवर दिले तर लाइन डिफ्लेक्शनला, म्हणजे पडद्यावर चित्राच्या ओळी काढणाऱ्या विभागाला, सेकंदाला सुमारे ४८,४०० ओळी काढाव्या लागतात; ८०० × ६०० ला सुमारे ३७,९०० पुरतात. पॅल पद्धतीच्या डीव्हीडीच्या चित्रात मुळात ५७६ ओळीच असतात, त्यामुळे जुन्या चित्रपटांसाठी ८०० × ६०० ठेवून आपले काही बिघडत नाही, आणि डिफ्लेक्शनच्या ट्रान्झिस्टरवरचा भार मात्र चांगलाच उतरतो. संगणक ७५ हर्ट्‌झवर ठेवलेला नाही ना, तेही पाहावे. १०२४ × ७६८ मध्ये तो आकडा थेट ६०,००० वर जातो. नळ्या जुन्या झाल्या की कॉन्ट्रास्ट वाढवण्याचा मोह होतो, तोही आवरावा. आणि यंत्र तुळईला थोडे वाकडे टांगले गेले असेल, तर ते वाकडेपण कन्व्हर्जन्सचे आयसी करंट ओतून सरळ करत असतात. आधी टांगणी सरळ करून, नळ्यांचा कोन पुस्तिकेप्रमाणे बसवून मग विजेने उरलेली दुरुस्ती केली, तर हेच आयसी बरेच थंड चालतात. मला तर वाटते की अशा यंत्रांतले निम्मे तापणे पान्ह्यानेच जाते, सोल्डरिंग गनपर्यंत जावे लागत नाही.

जाता जाता विजेचा दाब. सायंकाळी आपल्या भागात तो १८० पर्यंत उतरत असेल, तर तेवढेच वॅट मिळवण्यासाठी सप्लाय सव्वापटीहून अधिक करंट ओढतो आणि त्याच्या रोधांतली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १.६ पट होते. चांगला स्टॅबिलायझर लावावा.

प्रश्न : माझ्याकडच्या तीन नळ्यांच्या प्रोजेक्टरमध्ये निळ्या नळीखालच्या बोर्डवर चिकट, पाकासारखा द्रव साचलेला आढळला. तो बोर्ड सुरू केल्यावर लगेच तापतो. हे ग्रीस आहे का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : यंत्र पुन्हा सुरू करू नये. हे ग्रीस नाही. अनेक प्रोजेक्टरमध्ये नळीचा दर्शनी भाग आणि भिंग यांच्यामध्ये ग्लायकॉलचे मिश्रण भरलेले असते. ते नळीच्या काचेची उष्णता ओढून घेते आणि चित्रातली अनावश्यक चकाकीही कमी करते. रबरी सील जुने झाले की ते झिरपते. हा द्रव सहजासहजी पेट घेत नसला तरी धूळ आणि ओल मिसळली की बोर्डवरच्या दोन तांब्याच्या वाटांमधून वीज वाहू देतो, तांबे हिरवे पडते, आणि आपण लिहिता तसा बोर्ड पहिल्याच मिनिटाला तापतो. वरच्या वाचकांच्या चाळीस मिनिटांशी ही तुलना लक्षात घेण्यासारखी आहे. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, तेव्हा हातमोजे घालावेत आणि फडकी लहान मुले व मांजर-कुत्र्यांच्या आवाक्यात ठेवू नयेत. बोर्ड काढून, डिस्टिल्ड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निथळून दोन दिवस कोरड्या जागी वाळवावा. कनेक्टरच्या आत आणि आयसीच्या पोटाखाली शिरलेला द्रव विसरला जातो. सील बदलल्याशिवाय बोर्ड परत बसवणे व्यर्थ आहे.

प्रश्न : मी आयटीआयचा विद्यार्थी आहे. अशा जुन्या यंत्रातले सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर एकदम बदलावेत काय? आणि भाग किती तापला हे न शिवता कसे मोजावे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सगळे एकदम बदलू नयेत. एका बैठकीत शंभर भाग बदलले आणि यंत्र सुरू झाले नाही, तर चूक शंभरांपैकी कोठे झाली हे शोधत बसावे लागते. इलेक्ट्रोलायटिकचे आयुष्य दर दहा अंश तापमान घटले की साधारण दुप्पट होते. म्हणजे ८५ अंशांवर २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ८,००० तास टिकेल, आणि रोज चार तास चालणाऱ्या सभागृहातल्या यंत्रात त्याचे आयुष्य साडेपाच वर्षांतच संपेल. त्यामुळे हीट सिंकला खेटून बसलेले आणि सप्लायच्या दुय्यम बाजूचे कपॅसिटर आधी ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजणाऱ्या मीटरने तपासावेत, आणि बदलायचे ते १०५ अंशांचे, लो-ईएसआर घ्यावेत. नाशिकमध्ये एखाद्या मूल्याचा कपॅसिटर मिळाला नाही, तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणता येतो. मात्र लेबल चकचकीत आणि वजनाला हलके असे स्वस्त कपॅसिटर तिथेही मिळतात, हे ध्यानात असू द्यावे. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला साधा बल्ब, जरूर लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर लगेच बंद करावे.

तापमानासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो सपशेल चुकतो. चमकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी प्रारित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे ऐंशी अंशांचा हीट सिंक चाळीसचा दिसू शकतो. प्लग काढलेला असताना आणि कपॅसिटर रिकामा असल्याचे मीटरने पाहिल्यावर हीट सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवावा, झाकण लावून यंत्र वीस मिनिटे चालवावे, बंद करून प्लग काढावा आणि झाकण उघडताच त्या टेपवर नेम धरावा. मग चाळीस मिनिटांनी पुन्हा. दोन्ही आकडे वहीत खोलीच्या तापमानासह लिहावेत, कारण जानेवारीतले ६५ अंश आणि मे महिन्यातले ६५ अंश यांचा अर्थ एक नव्हे.